गोड माणसाचें देणें

कांहीं व्यसनांना वास असतो, कांहींना नसतो. दारू पिणारा मनुष्य उंबरठ्यावर आला कीं घरास कळतें. त्याचें पाऊल अडखळतें, जीभ जड होते, आणि डोळे सांगूं नये तें सांगतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकानें तर सुधाकराची ओळख महाराष्ट्रास इतकी करून दिली आहे कीं, तशीं लक्षणें दिसूं लागतांच शेजारीपाजारीहि सावध होतात. जुगाऱ्याचें तसें नाहीं. त्याचें पाऊल सरळ पडतें, बोलणें स्वच्छ असतें, आणि ज्या रात्रीं तो हातचें सर्व हरून येतो त्याच रात्रीं मुलांसाठीं पेढ्यांचा पुडा घेऊन येण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळें हें व्यसन वर्षानुवर्षें घरांत राहतें आणि घरास त्याचा पत्ता नसतो. पत्ता लागतो तो दारांत सावकार उभा राहिल्यावर.

त्यांतहि जुगारी मनुष्य स्वभावानें तुसडा असेल तर लोक त्याच्याविषयीं लवकर संशय घेतात. तो गोड असेल तर मात्र सर्वांचीच पंचाईत होते. अशा एका गोड माणसाचा संसार आम्हीं जवळून पाहिला. ते गृहस्थ आज हयात नाहींत, आणि ही हकीकत लिहिण्यास त्यांच्या पत्नीची संमति आहे. आम्ही त्यांस येथें नुसतें ‘डॉक्टर’ म्हणूं. सारी पेठ त्यांना तेवढ्याच नांवानें ओळखत असे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या एका पेठेंत, त्यांचा दोन खणांचा दवाखाना होता. बाहेर लांकडी बांक, आंत हिरव्या पडद्यामागें तपासण्याची खाट. छातीवर नळी लावण्यापूर्वीं तिची थंड चकती ते तळहातावर घासून ऊन करीत; लहान मूल दचकूं नये म्हणून. म्हातारीची नाडी पाहतांना तिच्या म्हशीची चौकशी होई, आणि ती गाभण आहे असें समजल्यावर म्हातारीपेक्षां म्हशीसच जपा, असा सल्ला मिळे. त्यांच्या पायांचा आवाज जिन्यांत ऐकला कीं अर्धा ताप उतरतो, असें पेठेंतल्या बायका म्हणत. आणि आम्हांसहि एकदां विषमज्वरांत तसा अनुभव आला. फीचा आंकडा ते तोंडानें कधींच सांगत नसत. टेबलाचा खण अर्धा उघडा असे. ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें त्यांत टाकावें, आणि ज्याच्याजवळ नसेल त्यानें नमस्कार करून जावें.

या उघड्या खणानेंच पुढें सर्वांच्या डोळ्यांवर पडदा टाकला. दवाखाना सकाळ-संध्याकाळ भरलेला, आणि घरीं महिन्याच्या वीस तारखेस साखर उसनी. तरी हें कोडें कोणास पडलें नाहीं. कारण उत्तर सर्वांजवळ तयार होतें: डॉक्टर गरिबांकडून पैसे घेत नाहींत! दवाखान्यांतील सूक्ष्मदर्शक यंत्र ‘दुरुस्तीस’ गेलें तें परत आलें नाहीं. स्कूटर जाऊन सायकल आली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम होतो. औषधांचा घाऊक व्यापारी रोख पैशांवांचून माल देईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, काळच तसा आला आहे. प्रत्येक वेळीं ते असे हंसत कीं, विचारणारासच आपण क्षुद्र गोष्ट विचारली असें वाटावें. औदार्याची ख्याति ही कुलुपासारखी असते. तिच्या आड काय आहे हें पाहण्यास कोणी धजत नाहीं.

आरंभ नेहमींप्रमाणें निरुपद्रवी होता. रात्रीं दवाखाना बंद झाल्यावर चार सुशिक्षित गृहस्थांत रमीचा डाव, आणि डावांत गंमत यावी म्हणून थोडे पैसे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं दिला आहे, हें डॉक्टर आम्हांस मोठ्या आनंदानें सांगत. न्यायालयानें कायद्याचा प्रश्न सोडविला होता. डॉक्टरांनीं त्यांत आपल्या मनाचाहि प्रश्न सोडवून घेतला. पुढें पावसाळ्यांत पुण्यास घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या कीं, नेमकी शनिवार-रविवारीं तिकडे वैद्यकीय सभा भरूं लागली. आणि शेवटीं आला तो मटका.

या मटक्याची जन्मकथा मोठी विचित्र आहे. पूर्वीं न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्या आंकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ सालीं ते आंकडे येणें बंद झालें. पण लोकांची आंकड्यांची भूक बंद झाली नाहीं. तेव्हां मुंबईंतील धंदेवाल्यांनीं मडक्यांतून चिठ्ठ्या काढून, आणि पुढें पत्त्यांच्या जोडांतून पानें ओढून, आंकडे पाडण्यास आरंभ केला. कापूस गेला, बाजार गेला, आंकडा तेवढा उरला. ज्याच्यामागें कसलाहि माल नाहीं असा हा निव्वळ आंकडा थोड्याच वर्षांत गांवोगांवच्या पानाच्या टपऱ्यांवर येऊन बसला. १८८७ सालचा मुंबईचा जुगार-प्रतिबंधक कायदा होताच. पण टपरीवरच्या बोटभर चिठ्ठीस तो कधीं पुरा पडला नाहीं.

येथें वाचक विचारील कीं, दुसऱ्यांची नाडी पाहणाऱ्या या शहाण्या माणसास स्वतःची नाडी कळत नव्हती काय? हाच प्रश्न आम्हांसहि पुष्कळ दिवस पडला होता. त्याचें उत्तर आम्हांस पांचशें वर्षांपूर्वींच्या एका दुसऱ्या डॉक्टरांच्या चरित्रांत मिळालें. इटलींत १५०१ सालीं जन्मलेला जेरोलामो कार्दानो हा आपल्या काळचा नाणावलेला वैद्य. १५५२ सालीं स्कॉटलंडच्या आर्चबिशपास दम्यानें बेजार केलें, तेव्हां त्यास इतक्या दूर एडिंबरोस पाचारण झालें. आणि त्यानें इतर उपचारांबरोबर त्या धर्मगुरूची पिसांची गादी काढविली व त्यास आराम पाडला. हा कार्दानो वर्षानुवर्षें जुगार खेळला, आणि बायकोचे दागिनेसुद्धां त्यानें त्यांत घालविले. पुढें थोरला मुलगा पत्नीस विष घातल्याच्या आरोपावरून १५६० सालीं देहान्त शिक्षेस पात्र झाला, आणि धाकटा जुगारी निघून बापाच्याच घरीं चोरी करूं लागला. आश्चर्य हें कीं, फांसे कसे पडतील याचें गणित प्रथम ज्यांनीं शास्त्रशुद्ध मांडलें त्यांत हाच मनुष्य अग्रणी होता. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मरणानंतर, १६६३ सालीं, छापला गेला. म्हणजे रोगाचें ज्ञान आणि हरण्याचें गणित, हीं दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यांत होतीं, आणि दोहोंपैकीं एकहि त्याच्या हातास आवरूं शकलें नाहीं.

कारण या रोगाचें ठाणें ज्ञानाच्या कोठींत नसतेंच. स्किनर नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर प्रयोग केले. चोंच मारली कीं दर वेळीं दाणा मिळतो असें ज्या पक्ष्यास शिकविलें, तो दाणे बंद होतांच थोड्या वेळांत कंटाळून थांबतो. पण ज्यास कधीं मिळतो, कधीं मिळत नाहीं, केव्हां मिळेल याचा नेम नाहीं, तो दाणे बंद झाल्यावरहि कितीतरी वेळ चोंच मारीत बसतो. जुगाऱ्यास जिंकणें खिळवून ठेवीत नाहीं. ‘कदाचित्’ हा शब्द त्यास खिळवून ठेवतो. वैद्यकशास्त्रानेंहि हें उशिरां कां होईना मान्य केलें. १९८० सालीं अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांनीं जुगाराच्या अनावर ओढीस आपल्या रोगांच्या यादींत प्रथम जागा दिली, आणि २०१३ सालीं ती दारू व अफू यांच्या व्यसनांच्या पंक्तीस नेऊन बसविली. आमच्या पूर्वजांस मात्र ही ओळख फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त जुगाऱ्याचेंच आहे. आणि त्यांत पत्नीचा तिटकारा, सासूचा तिरस्कार, न खेळण्याचा निश्चय, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच त्या निश्चयाची होणारी दशा, हें सर्व आलेलें आहे.

डॉक्टरांची सासुरवाडी सांगलीची. सासऱ्यांची तेथें हळदीची अडत होती. साताऱ्याजवळच्या माहुलीवरून जी कृष्णा वाहते तीच पुढें सांगलीस जाते. वहिनी थट्टेनें म्हणत कीं, मला माहेरीं निरोप पाठवायचा तर नदींत सोडून दिला तरी चालेल. पण जो निरोप खरोखर पाठवायला हवा होता तो त्यांनीं चार वर्षें पाठविला नाहीं. सुशिक्षित घरांतील बायकांची ही रीतच आहे. पाटल्या ‘बँकेत ठेवल्या आहेत’, यंदां दिवाळीस कापड ‘मुलांनाच नको आहे’, अशीं वाक्यें त्या इतक्या सहज बोलतात कीं, पुढें पुढें तीं त्यांना स्वतःलाहि खरीं वाटूं लागतात. अखेर निरोप गेला, तो कर्जासह गेला. सासऱ्यांनीं तें फेडलें. दोन वर्षांनीं दुसऱ्यानें फेडलें.

त्या दुसऱ्या खेपेस ते स्वतः साताऱ्यास आले होते. जेवणें झाल्यावर सुपारी कातरीत ते जांवयांस शांतपणें म्हणाले, “जांवईबापू, धंद्यांत मीहि जोखीम घेतों. माझी हळद पेवांत असते. भाव पडला तर मला झोंप लागत नाहीं. पण पेव उघडलें तर हळद तरी निघते. तुमचें पेव उघडलें तर काय निघेल?” डॉक्टरांनीं यावरहि कांहींतरी विनोद केला, आणि म्हातारेहि हंसले. त्यांना हंसूं आल्यावांचून राहवलें नाहीं, हीच डॉक्टरांची मोहिनी होती.

पण म्हातारा सांगलीचा होता, आणि नाटकवेडा होता. देवलांचें हरिपूर त्याच्या घरापासून पायीं जाण्याच्या अंतरावर. देवलांनीं मराठींत आणलेलें ‘मृच्छकटिक’ त्याच्या घरांत जणू कुलदैवतासारखें. मुलीस निरोप देतांना त्यानें तिला मूळ संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकांतील संवाहकाची गोष्ट सांगितली. हा संवाहक म्हणजे अंग चेपून देणारा. दहा मोहरा हरून पळतो आणि एका ओसाड देवळांत मूर्तीच्या जागीं मूर्ति होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तेथें येतात, त्यास ओळखतात, आणि मुद्दाम त्याच्यासमोर डाव मांडतात. फांसे वाजतात, मूर्तीस धीर धरवत नाहीं, आणि ती खेळायला पुढें येते! पुढें वसंतसेना आपलें कंकण देऊन त्याचें देणें फेडते, आणि तो भिक्षु होतो. “पण बाळ,” म्हातारा म्हणाला, “त्याला पोरेंबाळें नव्हतीं. तो भिक्षु होऊं शकला. तुझ्या घरच्या माणसाला ती सोय नाहीं. आणि मी आतां वसंतसेना व्हायचा नाहीं. मीं दोनदां पैसे दिले ते तुला दिले असें मला वाटलें. ते त्या अड्ड्याला दिले गेले. देणें फिटलें कीं तेथें त्यांची पत वाढते, आणि वाढलेल्या पतीवर ते पुन्हां खेळतात.”

वहिनी त्या वेळीं रडल्या. बापानें हात आंखडला असें त्यांना वाटलें. या बोलण्याचा खरा अर्थ त्यांना कळला तो पुढच्या उन्हाळ्यांत.

कोरेगांवकडच्या एका शेतकऱ्यानें आपल्या पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठीं चार हजार रुपये जमवून डॉक्टरांपाशीं ठेव म्हणून ठेवले होते. घरीं ठेवले तर भाऊबंदांत खर्च होतील. डॉक्टरांपाशीं म्हणजे देवापाशीं! मिरजेस जाण्याचा दिवस ठरला, आणि आदल्या दिवशीं दुपारीं तो पैसे नेण्यास आला. दवाखान्यास कुलूप होतें, म्हणून तो घरीं आला. वहिनींनीं त्यास चहा दिला, आणि तो चहा पीत असतांनाच त्यांना सर्व समजलें. “चार वाजतां या,” एवढेंच त्या म्हणाल्या. मंगळसूत्र आणि एक गोठ यांवांचून घरांत सोनें उरलें नव्हतें. गोठ त्यांनीं सराफाकडे दिला, कमी पडले ते मुलीच्या महाविद्यालयाच्या फीच्या डब्यांतून घेतले, आणि चार वाजतां चार हजार रुपये मोजून दिले. “डॉक्टरांनीं ठेवायला दिले होते,” असें त्या म्हणाल्या. शेतकरी वांकून नमस्कार करून गेला.

त्याच संध्याकाळीं अड्ड्यावरचीं दोन माणसें आलीं. आम्ही त्या वेळीं ओसरीवर बसलों होतों. माणसें उद्धट नव्हतीं. “डॉक्टरसाहेबांकडे थोडें येणें आहे,” अशा अदबीनें बोलत होतीं. वहिनी दारांत आल्या. “कोणाची ठेव असेल तर सांगा,” त्या म्हणाल्या, “मी भांडीं विकून देईन. खेळाचे पैसे असतील तर या घरांतून मिळणार नाहींत. आज नाहींत, उद्यां नाहींत. आणि त्यांना यापुढें उधार खेळवाल तर तें तुमचें नुकसान.” माणसें गेलीं. वहिनी थरथरत होत्या. आम्हांस म्हणाल्या, “भावजी, मीं चूक तर केली नाहीं ना? घराण्याचें नांव जाईल.”

१८७२ सालच्या करार-कायद्याचें तिसावें कलम त्यांनीं वाचलेलें नव्हतें. पैज लावून झालेला करार रद्दबातल आहे आणि जिंकलेल्या पैशासाठीं दावा चालत नाहीं, असें तें कलम सांगतें. पण कायदा मंडळानें जें लिहून ठेवलें तेंच त्या बाईनें त्या दिवशीं आपल्या विवेकानें शोधून काढलें: संसारांत दोन प्रकारचीं देणीं असतात, एक माणसांचें देणें आणि एक व्यसनाचें देणें. आपल्या मध्यमवर्गाची रीत याच्या नेमकी उलट आहे. अड्ड्यावरचें देणें बभ्रा होईल म्हणून आम्ही आधीं चुकवितों, आणि शेतकऱ्याचें, दूधवाल्याचें, पोटच्या मुलीचें देणें मुकाट्यानें सोसणाऱ्यांचें म्हणून मागें ठेवतों.

डॉक्टर रात्रीं आले. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “त्या बाईचें पोट उद्यां उघडणार आहेत.” डॉक्टरांनीं विनोद केला नाहीं. इतक्या वर्षांत आम्हीं त्यांना प्रथमच निरुत्तर पाहिलें. दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या एस. टी.नें ते त्या जोडप्याबरोबर मिरजेस गेले, आणि बाई शुद्धीवर येईपर्यंत दोन दिवस तिच्या उशाशीं बसले. हें सोंग नव्हतें. तें सोंग असतें तर पुष्कळ सोपें झालें असतें. त्या माणसाचें दुसऱ्याच्या दुःखानें कळवळणें जितकें खरें होतें तितकेंच त्याचें त्या पैशांस हात लावणेंहि खरें होतें. आणि दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट होती, ती म्हणजे आशा. मरणाऱ्या रोग्याच्या खाटेशीं ‘होईल बरें’ म्हणणारी जी आशा, तीच आंकडा लावतांना ‘उद्यां लागेल’ म्हणे, आणि शेतकरी येण्यापूर्वीं पैसे परत जागेवर जातील अशी खात्री देई.

त्यानंतर घराची व्यवस्था बदलली. दवाखान्याचा खण पूर्वींसारखाच उघडा राहिला. पण रात्रीं कंपाउंडर तो वहिनींपुढें रिता करी. डॉक्टरांस रोज दोन चहा आणि वर्तमानपत्र यांपुरते पैसे मिळत. वहिनींनीं एक वही केली, आणि तींत ‘गेले’ असा एक रकाना आंखला. त्या रकान्यांत पुढील दीड वर्षांत दोनदां आंकडे पडले. दोन्ही वेळां वहिनींनीं ते मुलांसमोर लिहिले, पण शब्द बोलल्या नाहींत. आम्हांस तें प्रथम फार कठोर वाटलें. डॉक्टरांस वाटलें नाहीं. ते म्हणाले, “मधुमेह्याची लघवी तपासून कागदावर लिहितों, तेव्हां कोणी त्यास अपमान म्हणतो काय?”

त्यानंतर वीस-बावीस वर्षें ते जगले. तिसरा आंकडा त्या रकान्यांत पडला नाहीं. पण पुढें हातांत पैसा खेळूं लागल्यावरहि त्यांनीं वही बंद करूं दिली नाहीं, आणि दवाखान्यांतून घरीं येतांना एक गल्ली टाळून लांबच्या वाटेनें येण्याची संवय शेवटपर्यंत सोडली नाहीं. “सुटलें का?” असें आम्हीं एकदां विचारलें. ते म्हणाले, “सुटलें का म्हणून विचारूं नका. आज कसें आहे तें विचारा.” मुलीची फी एका वर्षाच्या खंडानंतर भरली गेली. तें एक वर्ष मात्र तिच्या आयुष्यांतून गेलें तें गेलें. कोणत्याहि रकान्यांत तें लिहिलेलें नाहीं.

हें सर्व आज लिहिण्याचें कारण असें कीं, ती टाळण्याजोगी गल्ली आतां राहिली नाहीं. ती प्रत्येकाच्या खिशांत आली आहे. मागील पिढीच्या जुगाऱ्यास निदान चप्पल घालून बाहेर जावें लागे; आजचा मुलगा अंथरुणांत, अंगावर पांघरूण घेऊन, फोनवर हरूं शकतो, आणि शेजारीं निजलेल्या भावास कळत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, हें योग्यच झालें. पण १८८७ च्या कायद्यानें मटका थांबला नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आंत वहीच लागते.

म्हणून ज्या घरांत असा गोड मनुष्य असेल त्या घरास आमचें सांगणें एवढेंच कीं, त्याच्यावर रागावूं नये, त्यास शपथा घालूं नयेत, आणि त्याचें देणें गुपचूप फेडूंहि नये. रागावण्यानें तो खोटें बोलूं लागतो, शपथेनें त्यास एक नवा डाव मिळतो, आणि गुपचूप फेडण्यानें त्याची पत वाढते. त्यास वैद्याकडे न्यावें, पैशाच्या वाटेवर दुसऱ्या कोणाचा तरी हात ठेवावा, आणि हिशेब सर्वांसमोर लिहावा. ‘लोक काय म्हणतील’ ही भीति त्या वेळीं मोठी वाटते; परंतु त्या दिवशीं वहिनींनीं माणसें परत पाठविल्यावर पेठेंत काय बोलणें झालें, हें आज आम्हांसहि आठवत नाहीं. ती कोरेगांवकडची बाई मात्र पुढें कितीतरी वर्षें दर संक्रांतीस वहिनींकडे तिळगूळ घेऊन येत असे. चार हजार कोठून आले हें तिला कधींच कळलें नाहीं.